सरांच्या सुरईतली परीक्षानळी

"टाकून द्या," मोहरील सर म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकावरून उठले. "कातडीवरचा कचरा आहे. डिफ्थेरॉइड."

"सर, पोराच्या मणक्यातल्या पाण्यात सापडलाय," मी म्हटलं.

"मग? सुई कातडीतूनच आत जाते ना, आरवाडे बाई? का तुमच्या मिरजेकडे ती दुसरीकडून जाते?"

बाटल्या धुणारे लहानूजी खुदकन हसले. मी नाही हसले. सर वॉशबेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि "हाय रे" म्हणून हात मागे घेतला. टाकीतलं पाणी भाजत होतं. विदर्भातला मे महिना आणि प्रयोगशाळा सगळ्यात वरच्या मजल्यावर. कूलर होता, पण त्याचा पंप गेल्या उन्हाळ्यात जळाला होता. दुरुस्तीचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर निवांत पडून होता.

मी तेव्हा त्या सरकारी रुग्णालयात नवीनच लागले होते. जंतुशास्त्रात एम.डी. होऊन थोडेच दिवस झालेले आणि तोंड फटकळ. चुकीचं काही ऐकलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नसे. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही आणि वर धार आहे. मोहरील सर आमचे विभागप्रमुख. माणूस शिस्तीचा, हातानं काम करणारा, उगाच खुर्ची उबवणारा नव्हे. एकदा त्यांनी निदान केलं की ते बदलायला ब्रह्मदेव आला तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं असतं.

आमच्या धंद्यात सगळा खेळ ओळख पटवण्याचा. माणसाची जात मी कधी कोणाला विचारली नाही, पण जंतूची विचारल्याशिवाय राहिले नाही. काचेवर त्याला जांभळा रंग पाजायचा, मग स्पिरिटनं धुवायचं. रंग धरून बसला तर एक घराणं, सोडून दिला तर दुसरं. मग तो गोल आहे की कांडीसारखा. हवेत वाढतो की हवेवाचून. रक्त घातलेल्या थाळीत रक्त खातो की नाही. हलतो की निपचित पडतो. अशा एकेका प्रश्नावर घर, मग भाऊबंद, मग नाव. नाव कळलं की रोग कळतो आणि औषधही कळतं. नाव चुकलं तर औषध चुकतं, आणि पुढचं सांगायला नको.

या जंतूनं जांभळा रंग धरला होता. आखूड कांड्या होत्या. आता जांभळ्या आखूड कांड्या म्हणजे बहुतेक वेळा डिफ्थेरॉइडच. घटसर्पाच्या जंतूचे हे गरीब चुलतभाऊ, तुमच्या-माझ्या कातडीवर राहतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. नमुना घेताना चुकून येतात. सरांचं म्हणणं तसं चूक नव्हतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते बरोबरच ठरलं असतं.

पण त्या पोराचं पाणी दोनदा काढलं होतं आणि दोन्ही वेळा हाच गडी आला होता. थाळीवर त्याच्याभोवती रक्त विरल्याची अगदी पुसट कड होती. मला लिस्टेरियाचा संशय होता. दिसायला तसाच, पण हा गरीब नव्हे. बाईच्या गर्भारपणात पोटातल्या पोराला गाठतो आणि जन्मल्यावर मेंदूवर जातो. दोघांतला फरक सांगणारी सोपी चाचणी एकच होती. मांसाच्या पातळ रसात वाढवून काचेखाली थेंब टांगून बघायचा. डिफ्थेरॉइड हलत नाही. लिस्टेरिया कोलांट्या मारतो.

"तीही केली मी," सर रुमालानं मान पुसत म्हणाले. "जंतू वाढवायच्या पेटीत नाही ठेवली, कारण पेटीत अंगाइतकी ऊब असते आणि तिथे लिस्टेरिया हलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. बाहेर टेबलावर ठेवली, पुस्तकात लिहिलंय तशी, खोलीच्या तापमानाला. मघाशी थेंब पाहिला. मढ्यासारखा पडलाय. झालं समाधान?"

झालं नव्हतं. 

मी नवजात बालकांच्या वॉर्डात गेले. तिथल्या डॉक्टर नलिनी चहांदे माझ्याहून वयानं मोठ्या, बोलायला मऊ, पण कामात पक्क्या. पोर त्यांच्याच हाताखाली होतं. आठवडाभराचं मुलगं, अंगानं उंदराएवढं. ताप हटत नव्हता, दूध ओढत नव्हतं, सकाळपासून दोनदा झटके आले होते.

"अँपिसिलीन सुरू करा," मी म्हटलं. "लिस्टेरिया असेल तर तुमचं हे नवं महागडं इंजेक्शन त्याला लागूच पडत नाही. साधं जुनं अँपिसिलीन पडतं."

"असेल तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुमुद, याच वॉर्डात या महिन्यात तीन पोरांना अँपिसिलीन देऊन बघितलं. पाण्यासारखं गेलं. म्हणून तर नवं आणलं. आणि आणखी एक सुई कुठे खुपसू? शीर सापडत नाही याची. तुमच्याकडून कागद आलाय, कचरा म्हणून. सरांची सही आहे त्यावर."

"सही बदलून आणली तर?"

"तर तत्क्षणी बदलते. पण संध्याकाळच्या आत आण गं बाई. पोर थांबणार नाही."

पोराची आई शेवंता बाजूलाच भिंतीला टेकून बसली होती. बावीस-तेवीसची असेल. आमचं बोलणं तिला किती कळलं कोण जाणे. तिनं मला एकच विचारलं.

"लेकरू जगन काय जी?"

"बघू," मी म्हटलं. डॉक्टर लोक म्हणतात तसं.

वॉर्डाच्या दाराबाहेर तिची सासू भागरताबाई बसली होती. हाडाडलेली म्हातारी, पदर डोक्यावरून घट्ट, आवाज खणखणीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती. "तिसरं हाय हे. पहिलं मेलेलंच झालं. दुसरं चार दिस रायलं. आता हेबी असंच. कपाळच फुटकं घेऊन आली माह्या घरात. लोकं म्हन्तेत पोराचं दुसरं लगन करून टाक. मीच म्हनलं, एक डाव अजून पाहू. आता कोन्या तोंडानं सांगू लोकाईले?"

आत शेवंताला हे सगळं ऐकू जात होतं. ती पोराच्या पायाला हात लावून बसली होती, सुया-नळ्यांमुळे दुसरीकडे कुठे हात लावायला जागाच नव्हती. म्हातारीचा मला असा राग आला! दोन शब्द सुनवावेत म्हणून मी थांबलेही, पण चहांदे बाईंनी आतून खुणेनं मला पुढे जायला सांगितलं.

वर आले. घशाला कोरड पडली होती. दुपारची वीज गेलेली, खिडक्यांना ओले पडदे लावले होते ते पापडासारखे वाळलेले. बसायला लोखंडी स्टूल ओढलं तर बूड भाजलं. "आई गं!" म्हणून उठले आणि तशीच उभी राहिले.

मिरजेला मी ही चाचणी शिकले तेव्हा नळी टेबलावर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी जंतू उड्या मारताना दिसायचे. मिरजेच्या त्या दगडी खोलीत बारा महिने गारवा. पुस्तक लिहिणारा तर आणखी कुठल्या थंड मुलुखातला असणार. त्याच्या खोलीत पंचवीस अंश असतील. आमच्या खोलीत?

भिंतीवरचा तापमापक बघितला. बेचाळीस.

म्हणजे टेबलावर ठेवलेली नळी पेटीत ठेवल्यापेक्षा जास्त भाजत होती! तो बिचारा हलणार कसा? मीही हलले नसते.

पंचवीस अंश आणायचे कुठून? फ्रिजमध्ये फारच गार, तिथे जंतू वाढायला कित्येक दिवस घेतो. आणि वीज नसल्यानं फ्रिजचाही भरवसा नव्हता. मी आणि लहानूजी मिळून सगळी प्रयोगशाळा पालथी घातली. तापमापक घेऊन मी फरशीवर ठेव, कपाटात ठेव, ओल्या फडक्यात गुंडाळ असं करत सुटले. शेवटी बाहेरच्या माठात बुडवला. पारा सरसर उतरला आणि पंचवीसच्या जरा वर थांबला.

"सापडलं!" मी ओरडलेच.

लहानूजी माठाला आडवे झाले. "बाई, सारा मजला पेते यातलं. जंतू बुडवसान तं मी राजीनामा देतो, सांगून ठेवतो."

त्यांचं बरोबर होतं. आता या मजल्यावर पाण्याचं गार भांडं दुसरं एकच होतं. सरांच्या खोलीतली सुरई. काळी, लांब मानेची, वर पितळी पेला उपडा घातलेली. सर कोणालाही तिला हात लावू देत नसत. ते जेवायला घरी गेले होते आणि जेवल्यावर डुलकी काढून येत.

"लहानूजी," मी म्हटलं, "तुम्ही काही पाहिलं नाही."

"मी कायले पाहू? मी तं बाटल्या धुवून रायलो."

नवीन रसात भरपूर जंतू घातले, नळीला रबरी बूच घट्ट बसवलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली, दोरा बांधला आणि सुरईच्या मानेतून अलगद आत सोडली. दोरा बाहेर काढून पेल्याखाली दाबला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पकडले गेले असते तर नोकरीच गेली असती. पेल्याला मी चिठ्ठीही चिकटवली, 'पिऊ नये'. नाहीतर विभागप्रमुखांच्या मेंदूवर लिस्टेरिया जायचा.

सर आले, दुपारभर प्रयोगशाळेतच थाळ्या बघत राहिले. मी घड्याळाकडे बघत होते आणि कान खालच्या मजल्याकडे. कोणी जिन्यावरून धावत आलं की वाटे, पोर गेलं. उन्हं कलली तशी सरांना तहान लागली. ते खोलीत गेले. 

"आरवाडे बाई!"

गेले. सर हातात पेला आणि दोरा धरून उभे होते. दोऱ्याच्या टोकाला नळी लोंबत होती आणि गालिच्यावर पाणी ठिबकत होतं.

"हे काय आहे?"

"परीक्षानळी, सर."

"ते दिसतंय मला! माझ्या सुरईत?"

"अख्ख्या मजल्यावर पंचवीस अंश तिथेच होते, सर. टेबलावर बेचाळीस आहेत. नळी आपण खोलीत नाही, तव्यावर ठेवली होती."

सर लाल झाले.  मला वाटलं, आता बोलावतात अधीक्षकांना. पण ते नळी तशीच हातात धरून माझ्या अंगावरून बाहेर गेले, भिंतीवरच्या तापमापकासमोर उभे राहिले, चष्मा वर करून वाचलं. मग स्वतः थेंब टांगला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

केवढा तरी वेळ बसून होते. भिंग इकडून तिकडे फिरवत होते. मी मागे उभी. लहानूजी धुतलेलीच बाटली पुन्हा धुवत होते.

"या, बघा," ते शेवटी म्हणाले.

मी वाकले. थेंबाच्या कडेला कांड्या होत्या, आणि त्या कोलांट्या मारत होत्या. एक उलटी, एक पालटी, दारुड्यासारख्या झोकांड्या खात.

"लिस्टेरिया," मी म्हटलं.

"लिस्टेरिया," सर म्हणाले. त्यांनी कागद ओढला, पहिला अहवाल रद्द केल्याचं लिहिलं, नवं नाव लिहिलं, सही केली. माझ्या हातात देताना बोटं सोडेनात. "बाई, दर उन्हाळ्यात मी ही चाचणी याच टेबलावर करत आलोय," ते म्हणाले. "इतकी वर्षं."

  मी कागद घेऊन जिना उतरले, खरं तर धावलेच.

चहांदे बाईंनी सही बघितली आणि लगेच शीर शोधायला बसल्या. डोक्यावर सापडली एकदाची. अँपिसिलीन त्याच संध्याकाळी सुरू झालं. पुढचे दोन दिवस काही खरं नव्हतं. मग झटके थांबले, ताप उतरला. आणि एका सकाळी पोर शेवंताच्या अंगाला लागलं आणि चुटूचुटू ओढायला लागलं. चहांदे बाईंनी लहानूजींकरवी वर निरोप धाडला, "कुमुदला सांगा, दूध पितंय." मी हातातली थाळी ठेवली आणि तिथेच खाली बसून रडले. सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मला मात्र चैन नव्हती. नाव कळलं, पण हा आला कुठून? अर्धवट ओळख ही ओळख नव्हे, असं माझं डोकं. म्हणून पोर जरा सावरल्यावर मी शेवंताकडे गेले. म्हातारी खाली नळावर कपडे धुवायला गेली होती. मी स्टूल ओढून बसले आणि सुरुवात केली. पोटात असताना ताप आला होता का? आला होता, दोनदा. घरात जनावरं? बकऱ्या होत्या. त्यांना काही रोग?

"दोन बकऱ्या गाभडल्या औंदा," शेवंता म्हणाली. "एक मान वाकडी करून गोल गोल फिरे. मेली मंग."

मी सरसावून बसले. सगळं जुळत होतं, बकऱ्यांचा गाभ पाडणारा आणि त्यांना गोल फिरवणारा हाच जंतू. "दूध प्यायचीस त्यांचं?"

"हो जी. रोज."

"उकळून?"

"नाई." तिला हसू आलं. "निरसंच. मामीजी पहाटं उठून धार काढे अन् तसाच गिल्लास माह्या तोंडाले लावे. धारोष्ण पेल्लं का अंगात ताकद येते म्हने. घरात कोनाले नाई देल्लं, मलेच. पहिले दोन गेले ना, तं म्हने, अशक्त हायेस तू, मनून जगत नाई लेकरं."

"बस, त्यातूनच झालं," मी म्हटलं. मला शोध लागल्याचा आनंद झाला होता, तो आवाजातही असणार. "बकरीच्या कच्च्या दुधातून. तुझ्या पोटात गेलं, तुझ्यातून पोराला. तुझ्या कपाळाचा काही दोष नाही, कळलं? लोकांना सांग ठणकावून."

शेवंतानं पोराच्या तोंडावरची माशी हाकलली. मग हळूच म्हणाली,

"आन् पहिले दोघं?"

"तेव्हाही तेच दूध?"

"तवाबी मामीजीच देत."

 आणखी काही सांगायची गरज नव्हती. पोरगी अडाणी होती, खुळी नव्हती. मला सारखं ते दाराबाहेरचं बोलणं आठवत होतं, फुटक्या कपाळाचं. आता येऊ दे म्हातारीला, मनात म्हटलं. आता सांगते तिला कोणाचं कपाळ ते.

आली. हात पदराला पुसत, ओली लुगडी खांद्यावर टाकून. पोर दूध ओढतंय बघून तिचा तो हाडाडलेला चेहरा असा काही उजळला की बस. तिनं कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडे वळली आणि हात जोडले.

"देव मनून धावून आल्या तुमी. पर कायच्यानं झालं होतं जी हे? मी रोज इचारतो, कोनी सांगतच नाई. आमचं काई चुकलं काय?"

मी तोंड उघडलं.

"उन्हानं झालं म्हन्ते, मामीजी," शेवंता म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पोराकडे बघत होती. पण तिचा एक हात माझ्या गुडघ्यावर येऊन पडला होता आणि तो घट्ट होता.

"मी उन्हात फिरली ना, पोटात असतानी. त्यानं झालं. अन् आता पोराले बाधते, मनून दूध उकळूनच पेजा म्हन्ते मले. हो ना, बाई?"

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. "खरं काय जी?"

घराणं, नाव, वाट, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

"हो," मी म्हटलं. "उन्हानं. आणि दूध मात्र चांगलं उकळून. रोज. विसरायचं नाही."

"तेच!" भागरताबाईनं कपाळावर हात मारला आणि सुनेवर कडाडली. "मी कोकलत होती, दुपारच्या उन्हात जाऊ नोको, जाऊ नोको. ऐकन तं ना! तुह्या पायी गेले ना माहे दोन नातू? आता तरी पटलं काय?"

शेवंतानं पोराला एका अंगावरून दुसऱ्या अंगाला घेतलं, पदर सारखा केला.

"पटलं, मामीजी," ती म्हणाली. "चुकलंच माहं."